डाव्या पराचे मासे

टबात मासे नुसते वळवळत होते, आणि ते बघून थोरलीचा जळफळाट झाला.

पुराआधी बाळंतपणाला गेलेली ती आज ओढ्यावर परतली होती, तीही ऐन दुष्काळात. तिचा वरचा डोह आटून भेगाळला होता. खालचा डोह धाकट्या जावेचा. त्यात मात्र गुडघाभर पाणी. दोघी एकाच खात्यात मासे मोजायला होत्या. खात्याने कळवलं होतं, ज्या डोहाचे मासे कमी भरतील तिथली मोजणी बंद. म्हणजे तिथली बाई घरी.

"आजही त्रेसष्ट!" धाकटी हात झटकत म्हणाली.

हिला मेलीला सगळं आयतंच मिळतं. रात्रभर झोप, बारीक कंबर, आणि आता डोहसुद्धा! घरी तान्हीची दुधाची वेळ झाली होती. थोरलीच्या ओढणीखाली ओल पसरली.

"एकच मासा दोनदा मोजला असशील."

"मग तुम्हीच मोजा ना, जाऊबाई."

थोरलीने बाह्या सारल्या. एक मासा तळहातावर घेतला. मग दुसरा. पाचव्याला ती थांबली. ओळख पटावी म्हणून दोघी माशांच्या पराचं, म्हणजे पोहायच्या पंखाचं, टोक कातरून ठेवत. वरच्या डोहाचा डावा पर, खालच्याचा उजवा. इथे या पाचांचा आणि टबातल्या झाडून सगळ्यांचा डावा कातरलेला.

"चोरटी कुठली! माझे मासे पळवलेस?"

"पळवले नाहीत हो, वाहून आणले. तुम्ही बाळंतपणात, आणि वर हे चिखलात तडफडतायत. माझ्याकडे पाणी तरी होतं. बादलीने एकोणीस खेपा घातल्या. खांदा अजून वर होत नाही."

"आणि तुझे कुठे गेले?"

"पुराने नेले. अंडी होती, ती गोट्यांखाली गाडली गेली."

"म्हणजे माझ्या माशांवर तू नोकरी टिकवणार! थांब, साहेबांनाच फोन लावते."

"लावा की. पण मोजणीचा कागद कालच गेलाय." धाकटीने खिशातून ओलसर नक्कल काढून दिली आणि टब उचलायला वाकली.

थोरलीने घडी उलगडली. वरचा डोह, त्रेसष्ट. खालचा डोह, शून्य. त्याखाली धाकटीची सही.