भरलेले गाल

नवा रुंद मॉनिटर जुन्या कॉम्प्युटरला जोडल्यापासून सुलक्षणाच्या फ्लेक्सच्या दुकानात पडद्यावरची माणसं आडवी ताणलेली दिसत होती. सेटिंग काही केल्या जमेना.

त्यातच घाडगेकाकू काकांच्या वर्षश्राद्धाचा फ्लेक्स करून घ्यायला आल्या. काकांना फोटोचं वावडं. होता तो एकच, शेवटच्या आजारपणात पेन्शनसाठी काढलेला. पडद्यावर तो उघडला आणि काकूंनी खुर्ची पुढे ओढली.

“अगं, दुखण्याआधी अस्सेच होते बघ. गाल भरलेले.”

तेवढ्यात सुलक्षणाला हवी ती सेटिंग सापडली. चित्र नीट बसलं आणि काका पुन्हा वाळून गेले. काकू पदराने चष्मा पुसत राहिल्या.

सुलक्षणाने फोटोची कड माउसने धरली आणि हळूहळू ओढू लागली.

“काकू, बघा इकडे. पुरे म्हणाल तिथं थांबते.”