मावशीची पाठ

"जोड्या करा," ट्यूटर मॅडम म्हणाल्या. "एक पेशंट, एक नर्स. आज पाठीची निगा. मार्क धरणार आहे मी."

भूमच्या त्या नर्सिंग स्कूलच्या लॅबमध्ये एकच गलका झाला. बघता बघता जोड्या जमल्या, खाटांचे पडदे ओढले गेले. राजेश्वरी पावडरचा डबा घेऊन मधोमध उभी राहिली.

तिची जोडीदारीण शिवकन्या आता नव्हती. दोघींचं एकमेकींवर प्रेम आहे हे हॉस्टेलात कळलं आणि शिवकन्येचे वडील जीप घेऊन आले. शिवकन्या रडत रडत नाही नाही म्हणत राहिली, तरी तिला नेलंच. हे खरं का, असं राजेश्वरीला मॅडमनी विचारलं, तेव्हा ती हो म्हणाली. नुसतं हो. त्या दिवसापासून दोरीवर तिच्या कपड्यांशेजारी कुणी कपडे वाळत घालत नव्हतं.

ती करिश्माकडे गेली. दोघी ईट गावच्या, एकाच एसटीनं आलेल्या.

"करिश्मा, माझी पेशंट हो की."

करिश्मा पडद्याला धरून उभी राहिली. "माझी जोडी झाली गं."

"तुमचं झाल्यावर हो. मी थांबते."

"नको राजे. घरी कळलं तर? आन् मलाबी आता लई कसंतरी वाटतंय."

पावसाळ्यात करिश्मा तापानं फणफणली होती, तेव्हा हीच पाठ राजेश्वरीनं कोमट पाण्यानं पुसून दिली होती. तेव्हा तिला बरं वाटलं होतं. हे बोलून दाखवावं असं राजेश्वरीच्या अगदी ओठांवर आलं. पण बोलायला गेलं तर रडू फुटेल, म्हणून तिनं पावडरच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं. मार्कांचं सोडा, कुणीतरी एकीनं न घाबरता आपल्यासमोर पाठ करून निजावं, एवढंच तिला हवं होतं.

"तू डमीवर कर," मॅडम लांबूनच म्हणाल्या. आपण किती सोपा मार्ग काढला, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

कोपऱ्यातल्या रबरी डमीला मुली मावशी म्हणत. मावशीला घरचे नव्हते, तिचं लग्न ठरायचं नव्हतं, तिला कसंतरीही वाटणार नव्हतं. तिच्या खाटेला पडदासुद्धा नव्हता. ती पालथीच पडलेली होती.

राजेश्वरीनं पाणी घेतलं, टॉवेल पिळून ठेवला. हात लावण्याआधी पेशंटला विचारायचं आणि तिचं उत्तर ऐकायचं, हे मॅडमनी पहिल्यापासून घोटून घेतलं होतं. विसरलं की मार्क गेले.

"मावशी, तुमची पाठ पुसायची आहे. हात लावू का?"

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळ्याच हसल्या.

"मावशे, जपून गं!" पडद्याआडून एकीनं ओरडून घेतलं.

राजेश्वरी हलली नाही. पाणी गार होत चाललं. शेवटी मॅडम पेन घेऊन जवळ आल्या.

"कर की पुढं. कुणाची वाट बघतीस?"

राजेश्वरीचे दोन्ही हात मावशीच्या पाठीपासून वीतभर अंतरावर थांबले होते.

"विचारलंय मॅडम," ती म्हणाली. "अजून व्हय म्हणाल्या न्हाईत."