अख्खा बदाम

खिरीचं भांडं तळाला आलं होतं आणि बदाम अजून कुणालाच सापडला नव्हता. तुकडे पुष्कळ निघाले होते. अख्खा घालतात तो एकच, आणि तोच नव्हता.

कन्लायाने टेबलाखाली पायातली सपात काढली, घातली, पुन्हा काढली. ज्याला बदाम मिळेल त्याने तो गालात दडवायचा, भांडं रिकामं होईपर्यंत ब्र काढायचा नाही, आणि बाकीच्यांनी पोट फुटेस्तोवर खात राहायचं, हा नाताळचा नियम तिला पाठ होता. तिच्या नणंदेचा नवरा पॉल सगळ्यांना चकवायला दरवर्षीसारखा गाल फुगवून बसला होता.

"उगाच फुगवू नकोस," नणंद, बिर्गिट, त्याला म्हणाली. "तुझे मुळातच तसे आहेत."

शेवटचा चमचा तिनेच वाढून घेतला, खाल्ला आणि मान हलवली. पॉलने गालातली हवा सोडली; आत हवाच होती. ओवेने, म्हणजे कन्लायाच्या नवऱ्याने, रिकामे हात दाखवले, जसा काही तो बदाम हातात धरणार होता. कन्लायानेही नाही म्हटलं. मग सगळ्यांनी थीराकडे, कन्लायाच्या सासूकडे, पाहिलं. खीर तिने केली होती.

"आई, बदाम घातला होतास ना?" बिर्गिटने विचारलं.

"हं."

"नक्की?"

"हं."

"चष्मा फ्रीजमध्ये ठेवलास तेव्हाही नक्कीच म्हणाली होतीस." बिर्गिट भावाकडे वळली आणि तिने आवाज इतका खाली आणला, की समोरच्या घरात तो ऐकू गेला नसेल. "पाहिलंस ओवे? वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झालीये. सोमवारी मी हो म्हणून कळवून टाकते."

ओवे मेणबत्तीचं ओघळलेलं मेण नखाने खरवडत राहिला. सकाळी बदक भाजायला लावताना तो कन्लायाला म्हणाला होता, "आज आईने सगळं नीट पार पाडलं, तर मी बिर्गिटपुढे उभा राहीन. नाहीतर मला बोलायला जागाच नाही." उभं राहायला ओवेला नेहमी कशाचा तरी आधार लागायचा. आज त्याने बदामाचा धरला होता.

कुणीतरी बोलायला हवं होतं, आणि कन्लायाची पंचाईत इथेच होती. थायलंडहून आलेल्या या सुनेला डॅनिश शिकवली ती थीराने, आणि तीसुद्धा सणांवरून. दुकानातले शब्द दुकानदार शिकवील, असं तिचं मत. त्यामुळे फेब्रुवारीत पोरं काठीने फोडतात ते पिंप कन्लायाला येत होतं, जूनच्या होळीत जाळतात ती चेटकीण येत होती, नोव्हेंबरातल्या बदकाच्या पोटातलं सारण येत होतं. साधा बुधवार तिच्या डॅनिशमध्ये उगवतच नसे. पोटात जळजळ होते हे तिने डॉक्टरला 'पोटात चेटकीण जळते' असं सांगितलं होतं. डॉक्टरने औषध बरोबर दिलं, ही गोष्ट वेगळी.

ती उठून उभी राहिली. मांडीवरचा रुमाल खाली पडला.

"बदाम मी," ती म्हणाली.

"तुझ्याकडे आहे? मग दाखव की," बिर्गिट म्हणाली.

"नाही. मी बदक." कन्लायाने पोटावर हात ठेवला. "बदाम सारण."

आधी पॉलच्या लक्षात आलं. "अरे, गिळला म्हणतेय ती!"

"अख्खा?" बिर्गिटने डोळे बारीक केले. "दाताखाली नाही आला?"

कन्लायाने दातांवर बोट टेकवलं. "काठी नाही मारली. पिंप अख्खं."

पॉलला हसता हसता टेबल धरावं लागलं. "बिर्गिट, पुढच्या वर्षी आईला अक्रोड घालायला सांग. सालासकट!"

ओवे खुर्ची मागे सारून उठला. "म्हणजे आई विसरली नव्हती."

"एका बदामाने काय सिद्ध होतं रे?"

"तूच एका बदामावरनं ठरवत होतीस. सोमवारी नाही म्हणून कळव." त्याचा आवाज मध्येच फाटला, पण वाक्य पुरं झालं. बिर्गिटने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा अजून हसत होता. मग तिने ताटं गोळा करायला घेतली, जरा आपटतच.

थीरा उठली. कपाटातून बदामाच्या मिठाईचं गुलाबी डुक्कर काढून तिने सुनेच्या हातात ठेवलं. बदाम मिळेल त्याचं बक्षीस ते हेच. अभिनंदन वगैरे काही केलं नाही. बाकीचे नाताळच्या झाडावरच्या मेणबत्त्या लावायला पलीकडच्या खोलीत गेले.

स्वयंपाकघरात दोघीच उरल्यावर कन्लायाने डुक्कर या ओट्यावरून त्या ओट्यावर ठेवलं, परत उचललं. बक्षीस हातात धरवेना. शेवटी तिने आवाज झाकायला नळ सोडला.

"सासूबाई, मी बदक नाही," ती कुजबुजली. "सारण नाही. बदाम नाही."

थीराने आधी दाराकडे पाहिलं. मग जिभेने काहीतरी डाव्या गालातून उजव्या गालात आणलं आणि कटकन चावलं. सावकाश, चवीचवीने चावलं, घोटभर पाणी प्यायली, आणि लहान मुलं औषध घेतल्यावर दाखवतात तसं तोंड उघडून दाखवलं.

"कोण उठतं ते बघत होते. आणि याला गिळणं म्हणतात," ती म्हणाली. "म्हण बघू."