सहा नंबरची लेन्स

"इथलं झाड दिसतं का रे?" केळीच्या ओळीत उभं राहून दगाआबांनी ओरडून विचारलं.

"दिसतं, काका!" मोटारघराजवळच्या शिडीवरून उमेश मोबाइलमध्ये बघत म्हणाला. कॅमेरे बसवणं हा त्याचा धंदा.

आबा पाच पावलं सरकले. "आता?"

"आताही!"

सकाळपासून हेच चाललं होतं. जैनाबादच्या या बागेत गेली काही वर्षं चोरी होत होती. कापणी तोंडावर आली की बागेतला सगळ्यात भरलेला घड गायब. एकच घड, पण दरवर्षी. आबांचा मुलगा नीलेश आता इरेला पेटला होता.

"इस बार सोडणार नाही. चोर दिसला की व्हिडिओ घेऊन सीधा पुलिस थाने," असं त्याने गावभर सांगून ठेवलं होतं.

कॅमेरा आल्यावर आबांनाही तेवढाच चेव चढला. त्यांनी प्रश्न विचारून विचारून उमेशला भंडावून सोडलं.

"काका, ही २.८ ची लेन्स," उमेश म्हणाला. "नंबर छोटा, तो नजर चौडी. सारी बाग दिसते, पण माणूस मुंगीएवढा."

"मंग चोर ओळखायचा कसा?"

"त्याच्यासाठी ही सहाची. नजर तंग, पण चेहरा एकदम साफ."

"सहाचीच लाव."

"आबा, कडेच्या ओळी बाहेर राहतात ना!" नीलेश कुरकुरला.

"कडेला काट्याचं कुंपण आहे. येणारा फाटकातूनच येईल."

उमेशने खोक्यातून दुसरा कॅमेरा काढला. "हा मोठ्या सेन्सरचा आहे. लेन्स तीच सहाची, पण सेन्सर मोठा म्हणून कडेचंही आत येतं. दोन्ही बाजूच्या चार-चार ओळी जास्त दिसतील."

त्याने तो लावून दाखवला. नीलेश खूश झाला. आबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मोबाइल नाकाशी धरून बराच वेळ पाहिलं.

"चेहरा बारीक झाला."

"थोडासाच ना, आबा!"

"थोडासा तरी कशाला? मिशी कुणाची ते कळलं पाहिजे. पहिलाच लाव."

बापाचा हट्ट नीलेशला माहीत होता. त्याने हात जोडले. उमेश पुन्हा शिडी चढला आणि लहान सेन्सरचा पहिला कॅमेरा लावून पाणी प्यायला खाली आला.

"काका, भूमिकाताई आमच्याच गल्लीत राहते, लोधीपुऱ्यात. परवाच..."

"तिचं नाव इथं काढू नको," नीलेशने त्याचं बोलणं तोडलं. बहिणीने स्वतःच्या मनाने लग्न केलं, तेव्हापासून या घरातलं काहीही तिच्या दारी जायचं नाही, असं त्याने ठणकावून सांगितलं होतं.

भांडायला आबांना सवड नव्हती. कॅमेऱ्याची नजर नेमकी कुठे संपते, हे त्यांना आजच्या आज कळायला हवं होतं. ते परत ओळीत शिरले.

"आता?"

"आता नाही दिसत! डावीकडे सातव्या ओळीपर्यंतच."

"आठव्यात काहीच नाही? हात वर केला तरी?"

"काहीच नाही, काका!"

"आणि उजवीकडे?"

"पाचवी!"

आबांनी दोन्ही आकडे पुटपुटत पाठ केले. मग ते नीलेशला म्हणाले, "झालं. आता मोबाइलवरची नजर हलवू नको."

नीलेशने ती हलवली नाही. चौथ्या दिवशीही तो सकाळपासून खाटेवर ठाण मांडून बसला होता. चहा निवला, अंघोळ राहिली. मोबाइलमध्ये फाटक होतं, पायवाट होती आणि पुढच्या ओळी होत्या. चिटपाखरूसुद्धा फिरकलं नव्हतं.

त्याच वेळी पुलापलीकडे, लोधीपुऱ्यातल्या एका दारापुढे जुनी मोटारसायकल थांबली. आबांनी मागचं पोतं सोडलं.

"घे, बाई. लेकीचा पहिला घड."

भूमिकाने दुसऱ्या बाजूने हात लावला. "यंदा उशीर केला, आबा. मला वाटलं, विसरले."

"विसरतो कसा? कॅमेरा बसवून घेत होतो."