पाहुणी मुंगी

मावशीकडे राहायला येऊन महिना झाला, तरी पोरगी ताटात पडेल तेवढंच खायची. पुन्हा कधी मागायची नाही.

एके सकाळी मावशीच्या सासऱ्यांनी तिला बागेतलं वारूळ दाखवलं, हातात भिंग दिलं. "ती इवलीशी चकचकीत मुंगी बघ. ती या मोठ्या मुंग्यांकडे पाहुणी असते. भूक लागली की मिशांनी टकटक करते, मग मोठी मुंगी तिला आपल्या तोंडातला घास देते."

"रागावत नाही?"

"छे गं!"

"आणि पाहुणी परत कधी जाते?"

"जातेय कुठली! तिथंच आपली खोली करून राहते."

दुपारी जेवताना मावशीच्या दंडावर दोन बोटं टकटकली. पोरीनं रिकामं ताट पुढे केलं होतं.

"अगंबाई, हे काय नवीन?"

"आधी वाढ, सूनबाई," आजोबा म्हणाले, "मग सांगतो."