गुरुवारचं जहाज

हिमनगांपलीकडे जहाज नांगरलं आणि लाल जाकिटांतले तीसेक पाहुणे सरळ बिबियानेच्या घरात शिरले. दाराशी बूट काढून मिळेल तिथे दाटीवाटीने बसले.

"यांना बोलावलं कुणी?" नणंद सोरिने कुजबुजली.

"आपल्याकडे कॉफीला आलेल्याला असं विचारतात का गं? केक वाढ."

पाहुण्यांनी केक संपवला, सीलच्या रश्श्याची वाटी मात्र वास घेऊन हळूच शेजाऱ्यापुढे सरकवली. पांढरे अंगरखे घातलेल्या गावकऱ्यांनी स्तोत्र म्हटलं, ते पाहुण्यांनी मोबाइलवर टिपलं. सोरिनेला हुंदका फुटला तेव्हा तर दोघीतिघींनी डोळेही पुसले, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून टाळ्या वाजवल्या.

निघताना जहाजावरची गाइड बिबियानेचा हात हातात घेऊन म्हणाली, "आजी, अख्ख्या ग्रीनलँडमध्ये इतकं अस्सल काही पाहिलं नव्हतं. गुरुवारी आमचं दुसरं जहाज येतंय. त्यांच्यासाठी हाच कार्यक्रम ठेवाल का?"

बिबियानेने उरलेला केक कागदात गुंडाळून तिच्या हातावर ठेवला.



"गुरुवारी कसं जमायचं, पोरी? पुरायला माझ्याकडे नवरा एकच होता."