म्होरक्याची चिठ्ठी

नाथाजीनं तालमीच्या भिंतीला सायकल टेकवली तसं आतलं बोलणं एकदम बंद झालं.

"काय रं, कुनाचं काढलं व्हतं?" त्यानं दारातूनच विचारलं.

"कुनाचं न्हाई, नाथादा. चेनला तेल लावतोय," शमशेर म्हणाला. चेन तर कोरडी ठणठणीत होती. त्याचा जोडीदार गुंडा आढ्याकडं बघत बसला होता आणि बिराप्पा उगाच टायर दाबून पाहत होता.

नाथाजी काय समजायचं ते समजला.

साल चौऱ्याहत्तर. त्या काळात सातारा ते सांगली ही सायकलींची शर्यत म्हणजे सगळ्या मुलखाचा सण असायचा. सकाळी साताऱ्यातून सुटायचं आणि कऱ्हाड, इस्लामपूर, आष्टा करत सांगली गाठायची. सायकली साध्याच, मडगार्ड आणि कॅरिअर उतरवलेल्या. खिशात गुळाचे खडे. उसाच्या गाड्या आपणहून कडेला थांबायच्या आणि बाया हातात पाण्याचे तांबे घेऊन उभ्या राहायच्या. रस्ते खड्ड्यांचे होते, पण माणसं हौसेची होती. काय दिवस होते ते!

कडेगावच्या तालमीतले चौघे दरसाल जायचे. तिघांनी आळीपाळीनं पुढं राहून वारं खायचं, चौथ्याला आडोशाला धरून आणायचं आणि सांगलीच्या आयर्विन पुलावर मोकळा सोडायचा. तो म्होरक्या. तालमीच्या भिंतीवर नाव रंगवलं जायचं ते फक्त त्याचं.

नाथाजीनं सात वर्षं वारं खाल्लं होतं. रोज दुधाच्या दोन किटल्या सायकलीला अडकवून डेअरी गाठणारा गडी, पायांत दम होता. पण भिंतीवर नाव कधी लागलं नाही. आता पस्तिशी आली होती आणि डावा गुडघा कुरकुरत होता. त्याची बायको मनुबाई सकाळी भाकरी वाढताना म्हणाली होती, "आवं, यंदा तरी नाव लागंल का भितीवर? माज्या माहेरची इचारत्यात."

तो नुसता हसला होता. यंदा नाही तर मग कधीच नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

आडवा येणार होता शमशेर. सायकल दुरुस्त करणाऱ्या महंमदचा हा लेक विशीतला, अंगानं चिपाड. त्याला हँडल धरायला शिकवलं ते नाथाजीनंच. मागच्या रविवारी पलूसपर्यंतच्या सरावात पोरानं नाथाजीला चांगलं शंभर पावलं मागं टाकलं. गुरूची विद्या गुरूलाच फळली म्हणायची. नाथाजीनं सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली, पण परतीच्या वाटेवर तो एकटाच मागं राहिला.

तेवढ्यात सुभेदार लालासाहेब आले. पलटणीतून पेन्शनीवर आल्यापासून तालीम त्यांच्याच हातात होती आणि म्होरक्या चिठ्ठीनं निवडायची रीतही त्यांचीच. चौघांनी एकेक नाव लिहायचं, ज्याला जास्त चिठ्ठ्या तो म्होरक्या. अट एकच, स्वतःचं नाव लिहायचं नाही.

"जो सोताला फुडं काढतो, तो दुसऱ्यापायी वारं काय खानार?" सुभेदार म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी सख्ख्या भाच्यानं स्वतःचं नाव लिहिलं. सुभेदारांनी अक्षर ओळखलं आणि सगळ्यांदेखत त्याला तालमीबाहेर काढलं. बहिणीनं दारात येऊन पदर पसरला, तरी गडी हलला नाही.

वहीच्या पानाचे चार तुकडे झाले. एकच पेन्सिल हातोहात फिरणार होती. शमशेर नाथाजीच्या कानाशी लागला. "नाथादा, आज काय बी झालं तरी मला न्हाई म्हनू नगा."

म्हणजे ठरलंच यांचं, नाथाजीच्या मनात आलं. आठव्या वर्षीही आपण वारंच खायचं, आणि तेही या पोरापायी.

पेन्सिल पहिल्यांदा त्याच्याच हातात आली. भिंतीकडं तोंड करून त्यानं 'श' काढायला घेतला आणि हात अडला. अटीमुळं शमशेरला स्वतःचं नाव लिहिता यायचं नाही. त्यानं किंवा गुंडानं चुकून माझं लिहिलं, तर माझी धरून दोन होतात. नाथाजीनं अक्षर मुद्दाम वाकडं करत लिहिलं, 'नाथाजी'. चिठ्ठीची घडी केली आणि सुभेदारांच्या टोपीत अगदी तळाला सारली. त्याला स्वतःची लाज वाटली. पण पेन्सिल पुढं गेली होती.

बाकीच्या तीन चिठ्ठ्या वर पडल्या. सुभेदारांनी चष्मा चढवला आणि वरची चिठ्ठी उघडली.

"नाथाजी."

नाथाजीच्या जिवात जीव आला.

"नाथाजी."

तो चमकला. गुंडा गालात हसत होता.

"नाथाजी."

शमशेरनं टुणकन उडी मारून त्याला मिठी घातली. "आमी तिघांनी कालच ठरविलं व्हतं, नाथादा! तुमी आलासा तवा त्येच बोलत व्हतो. सात वर्सं तुमी वारं खाल्लं, यंदा आमी खातो. न्हाई म्हनायचं न्हाई, आदीच सांगून ठेवलंय!"

नाथाजीला हसता येईना. टोपीत एकच चिठ्ठी उरली होती, आणि ती कुणाची हे आता शेंबड्या पोरालाही कळलं असतं. भिंतीवरचं नाव गेलं, तालीम गेली, आणि ही पोरं पुन्हा कधी दादा म्हणणार नव्हती.

"ऱ्हाऊ द्या की, सुभेदार," तो कसाबसा म्हणाला. "निकाल तर लागला."

"आसं कसं?" गुंडा म्हणाला. "नाथादाच्या मनात कोन हाय त्ये आमाला बी कळू द्या."

"व्हय, व्हय, उगडा," बिराप्पानं री ओढली.

सुभेदारांनी चौथी चिठ्ठी उलगडली. ती उजेडाकडं धरून अक्षर निरखलं. मग चष्म्यावरून त्यांनी एकदा नाथाजीकडं पाहिलं. नाथाजीनं मान खाली घातली.

सुभेदारांनी चिठ्ठीची बारीक घडी केली, खिशात टाकली आणि खणखणीत आवाजात सांगितलं,

"शमशेर."